वाढवणचे मामंजी हॉलंडांत

परदेशीं राहणाऱ्या मुलासुनांकडे वडील मंडळींनीं यावयाचें तें उन्हाळ्यांत, असा आतां सर्वत्र प्रघातच पडून गेला आहे, आणि तो गैर आहे असें कोणी म्हणणार नाहीं. त्या दिवसांत रात्रीं दहापर्यंत उजेड असतो, बागा फुललेल्या असतात, आणि पाहुण्यांना घराबाहेर काढतां येतें. आमच्या मामंजींनीं मात्र हिवाळा निवडला. उन्हाळ्यांत आंब्याकडे पाहावें लागतें, पावसाळ्यांत कौलें गळतात. चिकूची तोड काय, ती धाकटा पाहील, असें त्यांचें म्हणणें. तेव्हां 2024 च्या डिसेंबरांत, कानटोपी व दोन शाली घेऊन, ते आमच्या डेल्फ्ट गांवीं दाखल झाले.

मामंजींचें गांव वाढवण. अलीकडे हें नांव वर्तमानपत्रांतून वारंवार येत असल्यामुळें वाचकांना तें अपरिचित नसेल. पण वर्तमानपत्रांतलें वाढवण निराळें आणि वाणगांव स्टेशनवर उतरून पश्चिमेस गेल्यावर दिसतें तें निराळें. चिंचणी आणि डहाणू यांच्या मधल्या किनाऱ्यावर तें वसलें आहे. दक्षिणेस तारापूरचें अणुवीजकेंद्र, उत्तरेस डहाणूचें औष्णिक वीजकेंद्र, आणि या दोन मोठ्या शेजाऱ्यांच्या मधें चिकूच्या व नारळीच्या वाड्या, वलांडीवर सुकत घातलेले बोंबील, आणि घराघरांतून चाललेली बारीक ठकठक. सोन्याचांदीच्या दागिन्यांचे पोलादी ठसे कोरण्याचा धंदा या पट्ट्यांतल्या गांवांतून पुष्कळ वर्षें चालत आला आहे. पण गांवचें खरें वैभव ओहोटीला दिसतें. भरती-ओहोटींतलें अंतर उधाणाच्या दिवशीं पांच मीटरांच्या घरांत जातें. पाणी मागें सरलें कीं काळ्या खडकांचें विस्तीर्ण पठार उघडें पडतें, आणि टोपल्या व जाळीं घेऊन माणसें त्यावर पायींच निघतात. खडकांच्या कपारींतून खेकडे, शेवंड, कालवें मिळतात. त्यांत बायका पुष्कळ असतात. होडी नसलेल्या घराची मीठभाकर या खडकांवर चालते.

मामंजी यावयाचे म्हणजे आधीं कागदपत्रांचें एक मोठें प्रकरण होतें. व्हिसा नव्वद दिवसांचा, त्यासाठीं किमान 30,000 युरोंचा आजारपणाचा विमा, आणि मुलानें लिहून द्यावयाचें हमीपत्र. चिकूची पेटी आणण्याचा त्यांचा बेत मोडावा लागला, कारण 2019 च्या डिसेंबरपासून युरोपांत ताजीं फळें सरकारी दाखल्यावांचून आणतां येत नाहींत. अपवाद पांच फळांचा: केळें, अननस, खजूर, डुरियन आणि नारळ. "नारळाला दाखला नको आणि आमच्या घोलवडच्या चिकूला हवा! त्याला तर भौगोलिक नामांकन मिळालें आहे," असें म्हणून त्यांनीं चिकूच्या सुकविलेल्या चकत्या आणल्या.

ज्या भगिनींकडे हिवाळ्यांत वृद्ध मंडळी यावयाचीं असतील त्यांना दोन गोष्टी सांगून ठेवतें. इकडचे जिने शिडीइतके उभे असतात. पाहुण्यांचा बिछाना खालच्या दिवाणखान्यांतच घालावा, मग घराची शोभा गेली तरी चालेल. दुसरी गोष्ट उजेडाची. डिसेंबरांत सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतोही. मामंजी पहांटे पांचला उठणारे. स्नानसंध्या उरकून ते खिडकीशीं बसत, आणि चार तास बाहेर अंधारच. पहिल्या आठवड्यांत ते फारच गप्प झाले. थंडीचें त्यांना कांहीं वाटलें नाहीं. येथें बर्फ थोडें, पाऊस आणि वारा फार, आणि वाऱ्याशीं त्यांचा जन्माचा परिचय. पण सकाळचें ऊन न मिळाल्यानें माणूस आंतून कसा मिटत जातो, तें मी डोळ्यांनीं पाहिलें.

त्यांना वांचविलें तें त्या खिडकीनें. इकडे रस्त्याकडच्या खिडक्यांना पडदे लावण्याची फारशी चाल नाहीं. मामंजींनीं तिची ओटी केली. कोणाची सायकल किती वाजतां निघते, समोरची आजी कुत्र्याला केव्हां फिरवते, हें सारें त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक झालें. पंधरा दिवसांत त्या आजीबाई हात हालवूं लागल्या, आणि इतक्या वर्षांत आम्हांस न लाभलेली शेजाऱ्याची ओळख, एक अक्षर डच न येणाऱ्या मामंजींनीं करून दिली.

हेगच्या मोठ्या बाजारांतही त्यांचें मन रमलें. तेथें भेंडी, कारलीं, शेवग्याच्या शेंगा सारें मिळतें, आणि विकणारे-घेणारे पुष्कळसे सुरीनामचे हिंदुस्थानी. 1873 सालीं 'लल्ला रूख' हें जहाज करारबद्ध मजुरांना घेऊन कलकत्त्याहून सुरीनामला गेलें. 1916 पर्यंत अशीं सुमारें 34,000 माणसें गेलीं, आणि 1975 त तो देश स्वतंत्र झाला त्या सुमारास त्यांचे पुष्कळ वंशज हॉलंडांत आले. तेथें एका वृद्ध गृहस्थानें मामंजींना आपल्या सरनामी बोलींत गांव विचारलें. मामंजींनीं वाढवण सांगितलें आणि उलट त्याचें विचारलें. तो म्हणाला, गांवाचें नांव आजोबांबरोबर गेलें. परततांना ट्राममध्यें मामंजी त्याच एका वाक्यावर थांबून राहिले होते.

आतां मुख्य गोष्टीकडे वळतें. आमचे हे, समुद्रांतली वाळू उपसून भराव घालणाऱ्या जहाजांची आंखणी करणाऱ्या एका कंपनींत नोकरीस आहेत. वाढवणच्या बंदराशीं त्यांच्या कामाचा संबंध नाहीं. तरी 19 जून 2024 रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें 76,220 कोटी रुपयांच्या त्या बंदरास मंजुरी दिली, आणि 30 ऑगस्ट रोजीं पालघरला पायाभरणी झाली, तेव्हांपासून पितापुत्रांच्या फोनवरील बोलण्यांत हवापाण्याचे विषय वाढले होते, हें मला दिसत होतें. किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरांवर वीस मीटर खोल पाणी, हें ह्यांच्या दृष्टीनें निसर्गाचें देणें. मामंजींच्या दृष्टीनें तो मासळीचा पाळणा. भरावच मुळीं 1,448 हेक्टरांचा. बंदराची कल्पना जुनीच आहे. 1991 त डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. 1996 त सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें न्यायमूर्ति धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं प्राधिकरण नेमलें गेलें, आणि 1998 त त्यानें बंदरास नकार दिला. पुढें त्याच प्राधिकरणानें 2023 च्या जुलैअखेर संमति दिली, आणि 2024 च्या एप्रिलांत मुंबई उच्च न्यायालयानें ती कायम ठेवली. हा सारा इतिहास मामंजींना तारखांसकट पाठ.

जानेवारींत एके दिवशीं तेच म्हणाले, "तूं बांधतोस तसलें एक बंदर मला दाखव."

आम्ही रॉटरडॅमच्या पलीकडे मास्फ्लाक्टेला गेलों. वाटेंत एक नवा रस्ता लागला. तो त्याच महिन्याभरापूर्वीं खुला झाला होता. नांव ब्लँकेनबर्गचें. या नांवाचें गांव पूर्वीं तेथें होतें, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास बंदर वाढवितांना तें उठविलें गेलें. मामंजी म्हणाले, "आमचें पोफरण आणि अक्करपट्टी." तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांसाठीं हीं दोन गांवें उठलीं होतीं. ह्यांनीं उत्तर दिलें नाहीं.

मास्फ्लाक्टेवर वारा असा कीं मोटारीचें दार उघडेना. 2008 पर्यंत जेथें भर समुद्र होता, तेथें चोवीस कोटी घनमीटर वाळू ओतून 2013 पर्यंत सुमारें 2,000 हेक्टर जमीन उभी केलेली. क्रेनांच्या रांगा, पवनचक्क्या, आणि माणूस म्हणावें तर एखाद-दुसरा. मामंजींनीं तें काम मनापासून वाखाणिलें, हें मला मुद्दाम सांगावयाचें आहे. मग त्यांनीं विचारलें, "येथले कोळी कोठें आहेत?"

ह्यांनीं सांगितलें तें न्याय्यच होतें. 2005 सालीं येथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठानें या बंदराचा निर्णय मोडला होता, कारण मासळीच्या पिलांवर आणि दूरच्या वाडन समुद्रावर काय परिणाम होईल याचा पुरेसा शोध घेतला गेला नव्हता. शोध पुरा केल्यावरच काम झालें. भरपाई म्हणून सुमारें 25,000 हेक्टर समुद्रतळ राखून ठेवला, किनाऱ्यावर नव्या वाळूच्या टेकड्या केल्या. कोळी दक्षिणेस स्टेलेंडाम बंदरांत आहेत.

पुढच्या शनिवारीं मामंजींनीं आम्हांस स्टेलेंडामलाही नेलें. धक्क्याला पोलादी, यंत्रांच्या मोठमोठ्या बोटी लागल्या होत्या. ते बराच वेळ पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "हे लोक एका जागीं मासळी गेली तर दुसरीकडे जाऊं शकतात. आमची बाई पायीं खडकावर जाते. ती कोठें जाईल?"

"बाबा, बंदर समुद्रांत आंत आहे, खडक जागच्या जागीं राहणार," हे म्हणाले.

"खडक राहील. बंधारा घातल्यावर पाण्याची ओढ बदलून त्यावर गाळ बसला तर?"

"तें मोजतां येतें."

"मोजलें आहे का?"

"अहवाल आहेत. वाचावे लागतील."

"मग वाचूं या," मामंजी म्हणाले, "दिवस काय, येथें साडेचारलाच संपतो."

आणि खरोखरच उरलेला हिवाळा त्यांतच गेला. संध्याकाळीं जेवणें आटोपलीं कीं खिडकीशीं दिवा लावून हे इंग्रजी अहवाल वाचीत आणि मराठींत सांगत. मामंजी वहींत टिपून घेत. नातीनें भरती-ओहोटीचा आलेख काढून दिला. हूक व्हॅन हॉलंडची भरती जेमतेम पावणेदोन मीटर, तेव्हां तेथला हिशेब वाढवणला जशाचा तसा लावतां येणार नाहीं, हें तिच्याच ध्यानांत प्रथम आलें. वाद पुष्कळ झाले. एकदां आवाज इतका चढला कीं समोरच्या आजीबाई खिडकींतून पाहूं लागल्या. ह्यांनीं दोन मुद्दे सोडले, मामंजींनीं एक सोडला, आणि गाळाचा मुद्दा कोणीच सोडला नाहीं.

फेब्रुवारीच्या अखेरीस ते परतले तेव्हां अहवालाचें पांचवें प्रकरण अर्धें झालें होतें. उरलेलें दर रविवारीं फोनवर वाचावयाचें ठरलें. हिवाळ्यांत आमच्याकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हां वाढवणला दुपारचा दीड, म्हणजे मामंजींचें जेवण आटोपलेलें असतें.