मधलं पद

पीण्यात मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणते. शेजारच्या लेथच्या शेडमध्ये लातूरकडचा एक मुलगा हेल्पर आहे. दहावीत त्याचं गणित राहिलं, आणि दहावी पास झाल्याशिवाय आयटीआयला टर्नरचा ट्रेड मिळत नाही. शेडमधले वयस्कर कन्नड टर्नर जेवणाच्या सुट्टीत त्याला शिकवायला तयार झाले. दुभाषी म्हणून मला बोलावलं.

पहिलं उदाहरण होतं क्ष वर्ग + ७क्ष + १२. मुलगा म्हणाला, ‘‘ताई, याचे अवयव पाडायचेत.’’ टर्नर म्हणाले, ‘‘अपवर्तन.’’ मी खूश. मराठीत राशीला हातपाय असल्यासारखे अवयव, हिंदीत गुणाकाराचे तुकडे म्हणून गुणनखंड. आणि अपवर्तन म्हणजे जुन्या संस्कृत गणितात सामाईक भाजकाने भागून संख्या लहान करणं. हे मी सांगत होते, तोवर टर्नरांनी १२ आणि ७ वर बोट ठेवलं : ‘‘गुणिसिदरे हन्नेरडु, कूडिसिदरे एळु.’’ मुलाने लगेच ३ आणि ४ लिहिले. ७क्षची फोड ३क्ष + ४क्ष, मग कंस : (क्ष + ३)(क्ष + ४). माझी गरज कुणालाच पडली नाही.

चौथ्या दिवशी गाडी अडली. क्ष वर्ग + ७क्ष + ११ = ०. अकराची जोडी १ आणि ११. बेरीज १२, सात नव्हे. टर्नरांना छपाईची चूक वाटली. मुलगा म्हणाला, ‘‘मलाच येत नसेल.’’ तेव्हा मला भास्कराचार्य आठवले. ११५० साली पुऱ्या झालेल्या सिद्धान्तशिरोमणीतल्या बीजगणितात या प्रकाराचं नावच मध्यमाहरण, म्हणजे मधलं पद नाहीसं करणं. रीत त्यांनी श्रीधराचार्यांच्या नावावर दिली आहे. सगळ्याला ४ ने गुणा, ४४ पलीकडे न्या, दोन्हीकडे ७ चा वर्ग मिळवा. उरतं (२क्ष + ७) चा वर्ग = ५. उत्तर आहे, फक्त त्यात ५ चं वर्गमूळ आहे.

‘‘म्हणजे मी चुकलो नव्हतो,’’ मुलगा म्हणाला.

त्यानंतर मला बोलावणं आलं नाही. येताजाता दोघं एका कागदावर वाकलेले दिसत. थोडं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पुरवणी परीक्षेला तो गावी गेला. पेपरच्या संध्याकाळी टर्नर फोन घेऊन माझ्याकडे आले. फोनवर कागद नसतो. पलीकडून आवाज आला, ‘‘ताई, त्यांना सांगा, एकाचे अवयव पडत नव्हते. मी मधलं पद घालवलं.’’

मी ते कन्नडमध्ये सांगितलं. निकाल अजून लागायचाय.