दिवस आधी, दान नंतर

भोर-वेल्ह्याच्या डोंगरात घरापुढे मोठा निर्णय आला की दोन गोष्टी पाहायची जुनी रीत आहे. आधी पंचांगात दिवस पाहायचा आणि मग देवाला कौल लावायचा. पंचांग म्हणजे आकाशाचे गणित, सगळ्या महाराष्ट्राला सारखे लागू. कौल मात्र त्या गावच्या त्या देवाचा. गुरव देवाच्या अंगावर ओल्या कळ्या नाहीतर पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो, आणि उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार असे धरतात. काहीच पडले नाही तर थांबतात. या दोन पद्धती एका मुळातून आलेल्या नाहीत. एकीमागे सिद्धान्तग्रंथ आहेत, दुसरीमागे रानातला तांदळा आणि त्याला वाहिलेला शेंदूर. तरी तोरण्याच्या मेंगाईला मानणाऱ्या माणसाला आपण काही सरमिसळ करतो आहोत असे वाटत नाही, कारण दोघींची कामे वेगळी आहेत. एक वेळेविषयी बोलते, दुसरी प्रश्नाविषयी. यी चिंग हा चीनचा शकुनग्रंथ आणि मध्य अमेरिकेतल्या माया लोकांची दिवसगणना एकत्र वापरणाऱ्या माझ्यासारख्याला जेव्हा ‘ही खिचडी कशाला’ असे विचारतात, तेव्हा मी या रीतीकडे बोट दाखवतो. परक्या गोष्टी एकत्र आणल्या म्हणून साधना बिघडत नाही. ती बिघडते एकटेपणाने, आणि ते कसे हेच मला इथे मांडायचे आहे.

आधी दिवसाचे पाहू. माया गणनेत वीस दिवसनावे आणि एक ते तेरा हे आकडे बरोबरीने फिरतात. तेरा आणि वीस यांना सामाईक भाजक नाही, म्हणून आकडा आणि नाव यांची प्रत्येक जोडी 260 दिवसांत एकदाच येते. चिनी गणनेत दहा खोड आणि बारा फांद्या जोडतात, पण दोन्ही संख्यांना दोनाने भाग जातो, म्हणून 120 ऐवजी 60 जोड्याच होतात. साठ संवत्सरे मोजणाऱ्या आपल्याला तो आकडा ओळखीचा आहे. माया दिवसांत हरीण आहे, कुत्रा आहे, माकड आहे, जग्वार आहे, आणि प्रत्येकाचा स्वभाव ठरलेला आहे. वेल्ह्याच्या भातशेतकऱ्याला याचे नवल वाटू नये. सूर्य नव्या नक्षत्रात शिरला की त्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि उरलेल्या बाकीवरून त्या पावसाचे वाहन ठरवायचे, हे आपलेच पंचांग करते. बेडूक, म्हैस, हत्ती आले की आशा वाढते, कोल्हा आला की मन खट्टू होते. या साम्यावरून माया आणि आपण कधीकाळी एक होतो असे मात्र मी म्हणणार नाही. माणसे जिथे जिथे काळ मोजतात तिथे त्याला आकडा देतात आणि स्वभावही देतात, एवढेच यातून दिसते.

दिवस आणि प्रश्न यांची जोडी चीनमध्ये किती जुनी आहे ते आनयांगला सापडलेल्या शांग काळातल्या हाडांवर वाचता येते. कासवाच्या पोटाचे कवच किंवा बैलाच्या खांद्याचे हाड तापवायचे, तडे पडले की ते वाचायचे, आणि हे सगळे त्याच हाडावर कोरून ठेवायचे. पूर्ण नोंदीत चार भाग असतात: कोणत्या दिवशी कोणी विचारले, काय विचारले, राजाने तड्यांवरून काय सांगितले आणि शेवटी काय घडले. ख्रिस्तपूर्व 1200 च्या आसपास वू दिंग राजाने राणी फू हाओच्या बाळंतपणाविषयी विचारले. राजा म्हणाला, अमुक दिवशी झाली तर शुभ. एकतीस दिवसांनी ती वेगळ्याच दिवशी बाळंत झाली आणि कोरणाऱ्याने लिहिले की चांगले झाले नाही, मुलगी झाली. मुलीविषयीची ती समजूत टाकून द्यावी अशीच आहे. पण नोंदीचा प्रामाणिकपणा पाहा. राजाने ‘शुभ’ म्हणून सांगितलेले दिवस टळले, हे राजाच्याच हाडावर कोरले गेले. भविष्य पाहणाऱ्यांनी शिकावी अशी याहून मोलाची गोष्ट मला ठाऊक नाही. आजच्या कितीतरी ज्योतिषकचेऱ्यांत हा चौथा भागच गायब असतो.

ग्वातेमालाच्या डोंगरात मोमोस्तेनांगो नावाचे किचे माया लोकांचे गाव आहे. तिथे आजही दिवस सांभाळणारे पुरोहित आहेत. बार्बरा टेडलॉक या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तिथे स्वतः दीक्षा घेतली आणि 1982 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुरोहित लाल बियांच्या ढिगातून मूठभर बिया उचलतो, त्यांचे चार-चारांचे पुंजके मांडतो आणि एका दिवसापासून सुरुवात करून प्रत्येक पुंजक्यावर एकेक दिवसनाव मोजत जातो. शेवटचा दिवस जिथे पडेल तिथे उत्तराची वाट सापडते. यी चिंगमध्येही पन्नास काड्यांतली एक बाजूला ठेवून उरलेल्या एकोणपन्नास चाराचाराने मोजतात. किचे लोक ज्या झाडाच्या बिया वापरतात ते आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातले. पांगारा सह्याद्रीत भरपूर, म्हणून इथे बसून ही गणना करणाऱ्याला बिया परदेशातून मागवायची गरज नाही. पण त्या विषारी असतात, लहान मुले असलेल्या घरात उघड्यावर ठेवू नयेत.

आता एकटेपणाकडे येतो. कौल लागतो तेव्हा देवळात विचारणारा एकटा नसतो. गुरव असतो, मानकरी असतात, भावकी असते. डावा कौल आला आणि विचारणाऱ्याला तो आवडला नाही, तरी ‘पुन्हा लाव’ म्हणणे सोपे नाही, चार डोळे बघत असतात. भोर तालुक्यातून वाहत गेलेली नीरा पुढे पुरंदरात वीरला पोचते. तिथे म्हस्कोबाच्या माघातल्या यात्रेत भाकणूक होते, पाऊस कसा पडेल ते हजारो लोकांसमोर बोलले जाते. एवढ्या कानांनी ऐकलेले मागाहून बदलता येत नाही. चीन-तैवानच्या देवळांत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे टाकतात. एक सपाट बाजूने आणि एक फुगीर बाजूने पडला तर होकार. मोठ्या प्रश्नाला असा होकार सलग तीनदा यावा लागतो. देवळात चिठ्ठीची काडी काढली तरी ती याच तुकड्यांनी पडताळून घेतात. मोमोस्तेनांगोत गुरूपाशी 260 दिवसांचे शिक्षण झाल्याशिवाय बियांना हात लावत नाहीत. थोडक्यात, प्रत्येक मूळ ठिकाणी विचारणाऱ्याला अडवणारे कोणीतरी आहे. घरी दार लावून दोन परंपरांची साधने पुढ्यात मांडणाऱ्याला अडवणारे कोणीच नसते. यी चिंगने नको ते सांगितले तर तो बियांकडे वळतो, बियांनी नको ते सांगितले तर पुन्हा यी चिंगच्या नाण्यांकडे, आणि मनाजोगते मिळेपर्यंत हे चालू राहते. मिश्रणाचा खरा धोका हा आहे. दोन देव एकाच घरात आले, हा नव्हे.

म्हणून माझ्या मते मिश्रण करायचेच तर दोघांना एकच काम देऊ नये. माझ्या रीतीत माया गणना उत्तर देत नाही, ती थांबवते. आज कोणता दिवस हे आधी वहीत लिहायचे, त्याच्या स्वभावाकडे पाहून प्रश्न नीट मांडायचा, आणि एकदा विचारलेली गोष्ट निदान तेरा दिवसांचा फेरा पुरा होईपर्यंत पुन्हा विचारायची नाही. हा नियम कुठल्याही माया पुरोहिताचा नाही, माझा आहे, आणि तसेच म्हणायला हवे. बोलायचे काम यी चिंगचे, म्हणजे त्यातल्या सहा-सहा रेषांच्या आकृत्यांचे. त्याच्या चौथ्या आकृतीतच असा भाव आहे की पहिल्या विचारण्याला उत्तर मिळते, पुन्हा पुन्हा विचारणे म्हणजे उपद्रव. मी तीन नाण्यांऐवजी काड्या वापरतो, आणि ते प्राचीनतेच्या ओढीने नव्हे. आकृतीतल्या काही रेषा स्थिर असतात, काही आपल्या उलट रेषेत बदलणाऱ्या. नाण्यांत बदलणारी स्त्रीरेषा आणि बदलणारी पुरुषरेषा दोन्ही आठांत एकदा येतात. काड्यांत पहिली सोळांत एकदा येते आणि दुसरी सोळांत तीनदा. बदलाचे एकूण प्रमाण तेवढेच, चार रेषांत एक, पण त्याचा तोल वेगळा: स्थिर, सोशीक असलेले सहज हलत नाही, आक्रमक असलेले लवकर पालटते. आणखी एक फायदा वेळेचा आहे. नाणी सहा वेळा उडवायला दोन मिनिटे पुरतात, काड्या मोजायला बराच वेळ लागतो, आणि तेवढ्यात अर्धे उथळ प्रश्न आपोआप गळून पडतात. शेवटी वहीत चौथा रकाना ठेवायचा, शांग कोरणाऱ्याचा: प्रत्यक्षात काय घडले. गावाच्या डोळ्यांची जागा या वहीने घ्यायची आहे. ती पुरती घेऊ शकत नाही हे मला मान्य आहे, पण तिच्याशिवाय तर काहीच नाही.

आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा की माया लोकांची ही जिवंत ठेव उचलून नेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? 1524 मध्ये स्पॅनिश सेनानी आल्वारादोने किचे राज्य मोडले. 1562 मध्ये स्पॅनिश पाद्री दिएगो दे लांदाने युकातानात मानी गावी मायांच्या पुस्तकांची होळी केली. एवढे होऊनही डोंगरातल्या लोकांनी दिवसांची मोजणी तुटू दिली नाही. अशांच्या गणनेशी खेळणे अपमानाचेच आहे, आणि खेळ झालेलाही आहे: होसे आर्ग्वेलेस यांच्या ‘ड्रीमस्पेल’ या नव्याने रचलेल्या गणनेत 29 फेब्रुवारी मोजतच नाहीत, म्हणून त्यांचा दिवस ग्वातेमालातल्या दिवसाशी जुळत नाही. मायांच्या नावाने उठलेली 2012 च्या जगबुडीची आवई याच प्रकारातली. माझे उत्तर असे: गणना त्यांची आहे तशीच ठेवावी, स्वतःला पुरोहित म्हणवू नये, दुसऱ्यासाठी पाहू नये आणि पैसे तर मुळीच घेऊ नयेत. एवढे पाळले तर ते शिकणे ठरते. न पाळले तर चोरी हाच शब्द बरोबर.

दुसरा आक्षेप विवेकवाद्यांचा, आणि पुण्याच्या मातीत तो हलक्याने घेता येत नाही. 20 ऑगस्ट 2013 ला अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. देवऋष्याने बोट दाखवले म्हणून एखाद्या बाईवर करणीचा आळ येतो, सर्पदंशाच्या माणसाला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेतात, हे खरे आहे आणि त्याला कायद्याने आळा बसायलाच हवा. काड्यांना उद्याचे काही कळत नाही, हे मी पूर्णपणे मानतो. मग त्या कशाला? कारण त्यांचे पडणे माझ्या इच्छेच्या ताब्यात नाही. माझा कल जिकडे आहे तिकडेच माझी सगळी कारणे धावतात. यदृच्छेने आलेली आकृती मला विरुद्ध बाजू मांडायला लावते. विवेकवादी म्हणतील की विरुद्ध बाजू कागदावर मांडूनही हेच साधेल. ज्याला साधते त्याने तेच करावे. मला ते काड्यांमुळे अधिक प्रामाणिकपणे साधते, आणि माझा दावा याहून मोठा नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच माणसांचा: कौल इथे असताना चीन आणि ग्वातेमाला कशाला? कौल माझ्या एकट्याचा नाही म्हणून. तो गावाचा आहे. देवळाबाहेर काढून घरच्या टेबलावर मांडला तर साक्षीदार गेले, म्हणजे त्यातला जीवच गेला. त्याला त्याच्या जागी राहू देणे हाच त्याचा मान. यी चिंगचे मात्र ग्रंथाच्या रूपात एकट्याने वाचणे पूर्वीपासून आहे. रिचर्ड विल्हेल्म यांचे जर्मन भाषांतर 1924 मध्ये आले, ते 1950 मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या प्रस्तावनेसह इंग्रजीत गेले, आणि तेव्हापासून जगभरचे लोक ते असेच वापरतात.

काही प्रश्न मात्र कोणत्याही काड्यांपुढे ठेवू नयेत. आजार, दुसऱ्याचा दोष आणि पैशाचा व्यवहार यांत मी हात घालत नाही. भोर-वेल्ह्यात सध्या घराघरात असलेला प्रश्न म्हणजे पुण्याच्या गिऱ्हाइकाला वावर विकायचे की राखायचे. त्यासाठी सात-बारा, फेरफार, वाटेचा हक्क आणि सगळ्या भावाबहिणींच्या सह्या तपासाव्यात. सही न देता अडून बसलेल्या बहिणीचे म्हणणे काय, ते तिलाच विचारावे. काड्यांना फार तर एवढेच विचारता येईल की तिच्याशी बोलायला मी आतापर्यंत का टाळले.