एलियाची भाकर

आमच्या वसई पट्ट्यात पन्नाशीच्या माणसाला 'कसं काय?' असे विचारले, तर उत्तर बहुधा भविष्यकाळात येते. 'थोरलीचं लग्न उरकलं की सुटलो, फादर.' 'घराचं कर्ज फिटलं की जरा निवांत बसेन.' 'धाकटा मार्गी लागला की सकाळचं फिरणं सुरू करायचं आहे.' स्वतःच्या वाट्याचे सुख असे कोणत्या ना कोणत्या कार्यामागे, हप्त्यामागे रांगेत उभे असते. ही माणसे आळशी नव्हेत. पहाटेची विरार लोकल गाठून तीस तीस वर्षे मुंबईची वारी केलेली, सुटीच्या दिवशी वाडीत पाणी शिंपलेली ही माणसे. कष्ट त्यांच्या हाडांत मुरले आहेत. मुरलेली नाही ती विश्रांती.

धर्मग्रामाची मृत्यूची नोंदवही मी स्वतः लिहितो. वयाच्या रकान्यात ८४ किंवा ९१ असा आकडा लिहिताना हात थबकत नाही. ५३, ५६ लिहिताना थबकतो. सेमिनरीत माझ्या शेजारच्या बाकावर बसणारा माझा एक सोबती ५४व्या वर्षी गेला. त्याने आठवड्याची सुटी कधी म्हणून घेतली नाही, याचे त्याच्या अंत्यविधीच्या प्रवचनात मोठे कौतुक झाले. मला ते कौतुक त्या क्षणीही रुचले नव्हते, आजही रुचत नाही.

तीन वर्षांपूर्वी, बावन्नाव्या वर्षी, माझ्या रक्तात साखर निघाली. मागील तीन महिन्यांची सरासरी सांगणारा जो तपास असतो, त्यात साडेसहाच्या पुढे मधुमेह मानतात. माझा आकडा ८.१ होता. त्यात माझे वेगळेपण काहीच नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तीत आपल्या देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचे दिसून आले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक कागद दिला. कागदाच्या डाव्या बाजूला 'वर्ज्य' असा मथळा होता आणि त्याखालची यादी दहा आज्ञांपेक्षा बरीच लांब होती.

भीतीने लावून घेतलेल्या सवयी किती टिकतात, हे धर्मगुरूने कोणाकडून शिकायला नको. उपवासकाळात चाळीस दिवस बाटलीला न शिवणारे आमचे शूर गडी पुनरुत्थानाच्या रविवारी दुपारपर्यंत सगळी थकबाकी वसूल करतात. चर्चच्या सभागृहात आरोग्य शिबिर भरले की भिंतीवर काळवंडलेल्या फुप्फुसांची, चोंदलेल्या धमन्यांची चित्रे लागतात. लोक गंभीर होतात, आठवडाभर गंभीर राहतात. भीतीने माणूस अंथरुणातून उठतो खरा, परंतु रोज उठण्यासाठी त्याला दुसरे काहीतरी लागते. ते 'दुसरे काहीतरी' म्हणजे साधा आनंद, असे माझे मत झाले आहे. आणि इथेच आपल्या श्रद्धाळू मंडळींची अडचण होते. आनंद म्हटला की त्यांना तो कुठेतरी कबुलीजबाबात सांगण्याचा विषय वाटतो.

हा संशय ख्रिस्तसभेने शिकवलेला नाही, निदान तिच्या थोर गुरूंनी तरी नाही. असिसीचे संत फ्रान्सिस आपल्या देहाला 'गाढवबंधू' म्हणत आणि त्याला कठोरपणे वागवत. पण मरणसमयी याच देहबंधूचा आपण फार अपराध केला, असे त्यांनी कबूल केल्याचे त्यांच्या जुन्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक श्रद्धाग्रंथात जीवन आणि शारीरिक आरोग्य ही देवाने सोपवलेली मौल्यवान देणगी मानली आहे आणि तिची योग्य ती निगा राखण्यास सांगितले आहे. लगेच पुढच्याच परिच्छेदात देहाची पूजा मांडण्याविरुद्ध इशाराही आहे. हे दोन परिच्छेद शेजारी शेजारी ठेवणाऱ्याला माणूस चांगला कळला होता.

परंतु माझा खरा आधार आहे संत थॉमस अक्वायनस. गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीत असताना 'सुम्मा' वाचायची म्हणजे आम्हा पोरांच्या अंगावर काटा येई. दुसऱ्या भागाच्या पूर्वार्धातील अडतिसाव्या प्रश्नाशी आलो तेव्हा मात्र वर्गात हशा पिकला. दुःखावर उपाय काय, असा तो प्रश्न. थॉमस पाच उपाय देतो: सुखद गोष्ट, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन आणि पाचवा, झोप व स्नान. ख्रिस्तसभेचा एवढा मोठा तत्त्वज्ञ, आणि शेवटी न्हाणीघरात येऊन थांबतो! आम्ही विशीतले होतो. आम्हाला ती गंमत वाटली. पन्नाशीत ती गंमत वाटत नाही. मे महिन्यात एका दिवसात तीन लग्ने लावून, पाच ठिकाणी जेवण्याचा आग्रह मोडून मी परततो आणि विहिरीचे पाणी डोक्यावर घेतो, तेव्हा आत्म्यालाही गारवा लागतो, याची मला खात्री पटते. शरीर स्वाभाविक स्थितीत परतले की तो सुखावा अंतःकरणापर्यंत पोहोचतो, असाच थॉमसचा युक्तिवाद आहे. स्वतः थॉमस मात्र पन्नाशीच्या उंबरठ्यावरच गेला.

डॉक्टरांच्या कागदाची उजवी बाजू मी मग माझ्या पद्धतीने भरली. पहिले चालणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे, की प्रौढ माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम वेगाची हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताण पडेल असे काम करावे. केळीचा लोंगर खांद्यावर वाहून आणणाऱ्या आमच्या आजोबांना हे कोणी सांगितले असते, तर त्यांनी सांगणाऱ्याची कीव केली असती. आता रहाट थांबले, वाडीत पंप आले आणि दूध आणायलाही मुले स्कूटर काढतात. मी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला जातो ते पायी जातो. घड्याळ लावून चालणे मला जमत नाही. पण सकाळच्या मिस्सानंतर वाडीतल्या पायवाटेने निघालो, की सोनचाफ्याच्या तोडणीचा वास अंगावर येतो. बावखलाच्या काठी वाकलेल्या फांदीवर खंड्या बसलेला असतो आणि तो कधी सूर मारील, हे पाहत मी उगाच उभा राहतो. एखादी मावशी कुंपणापलीकडून विचारते, 'फादर, गाडी बिघडली काय?' नाही म्हटले तरी तिला पटत नाही. ती पायवाट संपते त्या घरात पक्षाघाताने खिळलेला एक गृहस्थ आहे. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी तो मला विचारतो, आज बावखलात पाणी किती आहे. मी वाहनाने गेलो असतो, तर त्याला सांगायला माझ्यापाशी काय असते?

दुसरे जेवण. इथे मी फार शहाणपण सांगणार नाही, कारण वसईकराला खाण्याविषयी सांगणे म्हणजे कोळ्याला समुद्राविषयी सांगणे. ताजी मांदेली, बांगडा, वाडीतली भाजी हे आपले रोजचे अन्न औषधासारखेच आहे. घात करतो तो तळण्याचा सोस, खारवलेल्या मासळीचे नि लोणच्यापापडाचे मीठ आणि लग्नसराईतला भाताचा तिसरा वाढा. दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चमचाभरही नाही, एवढेच मीठ पुरे असे सांगतात. दारूविषयी एकच वाक्य: ज्या घरात ती सुख म्हणून आली, त्या घरातल्या स्त्रीला विचारावे. राहता राहिले गोड. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेले आमचे सुकेळे मधुमेह्याला वर्ज्य, हे मला मान्य आहे. रविवारच्या जेवणानंतर मी डॉक्टरांना सांगून अर्धे खातो. पूर्वी बोलता बोलता तीन संपत आणि चव लक्षातही राहत नसे. आता सोपटाची गाठ सोडण्यापासून शेवटच्या घासापर्यंत पंधरा मिनिटे लागतात. जेवणाआधी आणि नंतर क्षणभर थांबून देवाचे आभार मानावेत, हे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात आवर्जून लिहिले. पहिल्या थांब्याने माणूस घाईघाईने ताटावर तुटून पडत नाही. दुसऱ्याने उठायचे कधी ते कळते.

दुपारी मी वीस मिनिटे आडवा होतो. यावर धर्मग्रामात कधीमधी विनोद होतात. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तीत उन्हाळ्यात मध्यान्हीच्या जेवणानंतर सर्वांनी आपापल्या बिछान्यावर शांत पडून राहावे, असा नियमच आहे. आपल्या भाषेत तर त्यासाठी 'वामकुक्षी' हा शब्द आहे, डाव्या कुशीवर कसे पडावे हेसुद्धा सांगणारा.

हे सारे पुरुषाला तुलनेने सोपे जाते, हे मी जाणतो. आमच्या गायकवृंदात एक बाई आहेत, वय ५४. लग्नाआधी त्या गात असत. मग नोकरी, मुले, सासऱ्यांचे आजारपण यांत २८ वर्षे गेली. मुलगा परदेशी गेल्यावर त्या पुन्हा शुक्रवारच्या सरावाला येऊ लागल्या. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. एके दिवशी सराव संपल्यावर चर्चच्या व्हरांड्यात त्यांनी मला थांबवले. "फादर, गाताना मला फार बरं वाटतं. घरी जाते तेव्हा पाय दुखत नाहीत. मी देवासाठी गाते असं म्हणावं, तर ते खोटं होईल. मला बरं वाटतं म्हणून गाते. हे चालतं का?"

इतका प्रामाणिक प्रश्न मला अनेक वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी त्यांना राजांच्या पहिल्या पुस्तकातील एकोणिसाव्या अध्यायाची आठवण करून दिली. एलिया संदेष्टा देवाचेच काम करून थकला आहे. अरण्यात दिवसभर चालून तो रतामाच्या झाडाखाली बसतो आणि मरण मागतो. देवाचा दूत येतो. तो एलियाला उपदेश करीत नाही, त्याच्या श्रद्धेची तपासणी घेत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवतो. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत त्याला झोपू देतो. मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावतो. चाळीस दिवसांची होरेबची वाट, देवाचा तो मंद स्वर, नवे कार्य, हे सारे त्यानंतर येते. आधी भाकर, पाणी आणि झोप. आणि ती भाकर एलियाने देवासाठी म्हणून खाल्ली, असे कुठेही लिहिलेले नाही. भूक लागली होती म्हणून खाल्ली.

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. शुक्रवारी सासूबाईंजवळ कोण बसते, असे मी विचारले. "हेच बसतात. पहिले दोन शुक्रवार चिडले. आता आईच्या औषधांच्या वेळा त्यांना माझ्यापेक्षा पाठ आहेत," त्या म्हणाल्या आणि वहीची पिशवी उचलून लगबगीने गेल्या.

थॉमसच्या यादीतला मित्रांचा उपाय आपल्याकडे ओट्यावर मिळत असे. संध्याकाळची आंजेलुसची घंटा झाली की माणसे ओट्यावर येत, भावकीची भांडणेही तिथेच होत आणि तिथेच मिटत. आता वाड्यांच्या जागी इमारती झाल्या, ओटे गेले आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पडदा आला. अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी १९३८ सालापासून काही शेकडा माणसांचा आयुष्यभर माग ठेवला आहे. पन्नाशीत ज्यांचे नातेसंबंध समाधानाचे होते, तीच माणसे ऐंशीव्या वर्षी सर्वांत धडधाकट आढळली. रक्तातल्या चरबीच्या आकड्यापेक्षा ही खूण अधिक खरी ठरली. डॉक्टरांच्या कागदावर मात्र शेजारी हा शब्द कुठल्याच रकान्यात नसतो.

म्हणून आम्ही पाच जणांनी दर शनिवारी पहाटे भुईगावच्या किनाऱ्यावर जाण्याचा बेत केला. एक निवृत्त शिक्षक, एक रेल्वेतला, दोघे वाडीवाले आणि मी. सुरूच्या झाडांखालून चालायचे, ओहोटी असेल तर ओल्या वाळूत अनवाणी, परतताना टपरीवर बिनसाखरेचा चहा. आजारांविषयी बोलायचे नाही, असा नियम रेल्वेतल्या गृहस्थांनी घातला आहे आणि तो तेच सर्वाधिक मोडतात. माझा आकडा गेल्या खेपेला ६.८ आला. डॉक्टरांनी गोळ्या तशाच चालू ठेवल्या आहेत. वाडीवाल्यांपैकी एक जण अद्याप एकदाही आलेला नाही. त्याला दम लागतो, हे त्याच्या बायकोने मला सांगितले आहे. पावसाळा सरू द्या, मग नक्की, असा त्याचा निरोप असतो. शनिवारी साडेपाच वाजता चर्चच्या फाटकापाशी आम्ही पाच मिनिटे त्याच्यासाठी थांबतो, आणि मग शिक्षक त्याच्या दारावरून वाट वळवतात.