न ओलांडलेला उंबरठा

अधारताल ही जबलपूर शहराच्या उत्तरेकडील वस्ती. राणी दुर्गावतीचा मंत्री अधारसिंह याच्या नावाच्या तलावावरून तिला हे नाव मिळाले, असे परंपरा सांगते. राणीचा रानीताल, दासीचा चेरीताल आणि मंत्र्याचा अधारताल अशी तीन तळी या शहरात एका दमात सांगितली जातात. १९६४ साली येथे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले. संरक्षण साहित्याचे कारखाने शहरात पूर्वीपासून होतेच. नोकरीच्या निमित्ताने आलेली काही मराठी कुटुंबे या बाजूला घरे बांधून इथलीच होऊन गेली. अशाच एका कुटुंबातील वडीलधारे गृहस्थ, ज्यांना घरात लहानथोर सारे भाऊकाका म्हणतात, तरुणपणी बास्केटबॉल खेळत असत. कारखान्यातील कारकुनाची जागा त्यांना मिळाली ती त्या खेळाच्या बळावर. तिशी उलटताच खेळ सुटला. नोकरी मात्र निवृत्तीपर्यंत टिकली. त्यांच्या पिढीतील भारतीय खेळाडूची कारकीर्द बहुधा अशीच असे. कागदोपत्री तो हौशी, पण चूल पेटे ती खेळामुळेच.

या गृहस्थांच्या बोलण्यात एका परदेशी खेळाडूचे नाव वारंवार येते. ब्राझील म्हटले की कृषी विश्वविद्यालयाच्या माणसाला सोयाबीन आठवावे आणि बाकीच्यांना पेले, हे स्वाभाविक होय. भाऊकाकांना आठवतो तो ऑस्कर श्मिट. दोघांचे जन्मसाल एकच, १९५८. ऑस्करचा जन्म १६ फेब्रुवारीचा, ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरील नाताल गावचा. उंची दोन मीटरांहून अधिक, आणि दुरून चेंडू टाकण्याचे कसब असे की देशबांधवांनी त्याला ‘पवित्र हात’ असे नाव दिले. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये अनेक देशांच्या बहिष्कारामुळे भारतालाही बास्केटबॉलमध्ये जागा मिळाली आणि भारत व ब्राझील एकाच गटात आले. त्या सामन्यात ब्राझीलने भारताच्या दुपटीहून अधिक गुण केले. अजमेरसिंगसारखे खेळाडू असलेला आपला संघ स्पर्धेत शेवटचा आला. त्यानंतर भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकच्या मैदानावर पुन्हा दिसलेला नाही. ऑस्करची मात्र ती पहिली पायरी होती. पुढे १९९६ पर्यंत तो ओळीने पाच ऑलिंपिक खेळला.

त्याची कारकीर्द आकड्यांनी सांगावयाची तर ती सहज सांगता येते. १९७८ साली मनिला येथील जागतिक स्पर्धेत ब्राझीलला कांस्यपदक मिळाले, त्या संघात तो होता. १९७९ साली साओ पाउलोच्या सिरिओ या क्लबाने क्लबांची जागतिक स्पर्धा जिंकली, तेव्हाही तो होता. १९८२ साली तो इटलीतील कासेर्ता या दक्षिणेकडील गावाच्या संघात गेला आणि तेथे आठ वर्षे खेळला. नंतर पाविया, मग स्पेनमधील वायादोलिद, आणि शेवटी मायदेशी कोरिंथियान्स, फ्लामेंगो इत्यादी क्लब. २००३ साली निवृत्त झाला तेव्हा त्याचे वय ४५ होते आणि नावावर ४९,७३७ गुण होते. हा आकडा दीर्घकाळ जगातील सर्वाधिक म्हणून सांगितला जात असे. ऑलिंपिकमधील त्याचे १,०९३ गुण हा तर स्वतंत्रच विक्रम.

परंतु भाऊकाकांना या आकड्यांपेक्षा त्याच्या नकाराचे अधिक कुतूहल आहे. १९८४ साली अमेरिकेच्या एन.बी.ए. या व्यावसायिक लीगच्या निवडीत न्यू जर्सी नेट्स संघाने सहाव्या फेरीत ऑस्करचे नाव घेतले. मायकेल जॉर्डन याच वर्षीच्या निवडीतला. ऑस्कर गेला नाही. त्या काळी आंतरराष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे फिबाचा, नियम विचित्र होता. इटलीत पगार घेऊन खेळणारा ऑलिंपिकला चाले, पण एन.बी.ए.चा उंबरठा जो ओलांडी, त्याला देशाचा बनियन घालता येत नसे. हौशी आणि व्यावसायिक यांतील रेषा पैशावरून आखलेली नव्हती; ती एका दरवाजावरून आखलेली होती. ऑस्करने देशाचा संघ निवडला.

या नकाराची कथा सांगताना माणसे तिला त्यागाचा मुलामा देतात. भाऊकाका तो देत नाहीत. सहाव्या फेरीत निवडलेल्या खेळाडूला संघात जागा मिळेलच अशी हमी नसे, हे ते आवर्जून सांगतात. कासेर्तात तो संघाचा कणा होता. न्यू जर्सीत कदाचित बाकावर बसला असता. बचावात तो कच्चा आहे, चेंडू त्याच्या हाती गेला की परत येत नाही, अशी टीका त्याच्यावर होतच असे. तेव्हा या निर्णयात देशप्रेमाबरोबर व्यवहारही असणारच. पण व्यवहार होता म्हणून निर्णय हलका ठरत नाही. त्याची किंमत पुढे अनेक वर्षे मोजावी लागली, आणि ती त्याने तक्रार न करता मोजली की नाही, एवढेच पाहावयाचे.

किंमत मोजावी लागली ती अशी. कासेर्ताला त्याने १९८८ साली इटलीचा चषक मिळवून दिला. पण १९८९ च्या युरोपीय चषकविजेत्यांच्या अंतिम सामन्यात त्याचे ४४ गुण अपुरे पडले. रेआल माद्रिदच्या द्राजेन पेट्रोविचने एकट्याने ६२ केले. १९९० मध्ये ऑस्करने कासेर्ता सोडले आणि १९९१ मध्ये कासेर्ताने, त्याच्याविना, इटलीचे अजिंक्यपद पटकाविले. ज्या देशासाठी उंबरठा ओलांडला नाही, त्या देशालाही त्याच्या पाच ऑलिंपिकांत एकही पदक मिळाले नाही. तीन वेळा पाचव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. १९८८ मध्ये सोल येथे दर सामन्यास सरासरी ४२ हून अधिक गुण करूनही ते चुकले नाही.

एक दिवस मात्र पुरेपूर त्याचा होता. २३ ऑगस्ट १९८७ रोजी इंडियानापोलिस येथे पॅन अमेरिकन स्पर्धेचा अंतिम सामना अमेरिकेविरुद्ध, अमेरिकेच्या भूमीवर झाला. मध्यंतराला यजमान १४ गुणांनी पुढे होते. १९८४ साली फिबाने आणलेली तीन गुणांची रेषा अमेरिकेला अजून अंगवळणी पडलेली नव्हती. ऑस्कर आणि मार्सेल यांनी उत्तरार्धात त्या रेषेबाहेरून चेंडूंचा वर्षाव केला. ब्राझील १२०, अमेरिका ११५. ऑस्करचे ४६. पुढल्याच वर्षी सोलला अमेरिका सोव्हिएत संघाकडूनही हरली. एन.बी.ए.च्या खेळाडूंना दार उघडावे असा फिबाचे सरचिटणीस बोरिस स्टान्कोविच यांचा आग्रह जुनाच होता. १९८९ साली तो नियम बदलला. १९९२ मध्ये बार्सिलोनाला त्या खुल्या दारातून जॉर्डन आणि त्याचे सोबती आले आणि त्यांनी ब्राझीलला १२७-८३ असे हरविले. दार उघडले तेव्हा ऑस्कर ३१ वर्षांचा होता. त्याच्या नंतरच्या पिढीतील अर्जेंटिनाचा मानू जिनोबिली एन.बी.ए.मध्ये चार अजिंक्यपदे मिळवू शकला आणि २००४ साली अथेन्सला देशासाठी सुवर्णपदकही. त्याला काहीच सोडावे लागले नाही.

हे सारे अधारतालच्या घरात नव्याने निघाले त्याला कारण घडले. भाऊकाकांच्या पुतण्याचा मुलगा सोळा वर्षांचा आहे, उंच आहे, बास्केटबॉलच्या प्रशिक्षणासाठी दूरच्या शहरात त्याची निवड झाली आहे. पुतण्याला हे पसंत नाही. २०१५ साली पंजाबच्या सतनामसिंगला डॅलस संघाने निवडले, एन.बी.ए.च्या निवडीत आलेला तो पहिला भारतीय. पण त्या लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही, हा दाखला तो देतो. दाखला खोटा नाही. मुलाने अभ्यास करावा, खेळ संध्याकाळपुरता ठेवावा, हे त्याचे म्हणणेही अविचाराचे नाही. मुलगा मात्र या चर्चेत कुठेच नव्हता. तो बाहेर ओसरीवर बसे.

“काका, तुम्हीच सांगा, तो ब्राझीलवाला चुकला का?” पुतण्याने एकदा विचारले.

भाऊकाकांनी सरळ उत्तर दिले नाही. त्यांना स्वतःलाही तरुणपणी दुसऱ्या गावाहून, मोठ्या संघातून बोलावणे आले होते. घरच्या वडील माणसांनीच परस्पर नकार कळविला. त्यात कुणाचा दोष नव्हता. दिवसच तसे होते. पण त्या नकाराविषयी त्यांना आजही काही बोलता येत नाही, कारण तो त्यांचा नव्हता. ऑस्करचा नकार ऑस्करचा होता. पदक मिळाले नाही, अजिंक्यपद हुकले, दार उशिरा उघडले. तरी तो पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्याच निर्णयाच्या आधारावर खेळत राहिला.

“तो चुकला की नाही, ते त्याचं त्याला ठाऊक,” ते म्हणाले. “पण नाही म्हणाला तो स्वतः. याला नाही म्हणायचं असेल तर यालाच म्हणू दे.”

पुतण्याने त्यावर होकार दिला नाही, वादही घातला नाही. मुलगा जाईल की राहील हे अद्याप ठरलेले नाही. त्यानंतर घरातील बोलणे त्याला आत बोलावून होऊ लागले, एवढाच फरक पडला.