दोष सेन्सरचा नव्हता

अंजूरफाट्यावरून गोदामाकडे जाताना गाडीचा इंजिन-दिवा पेटला. स्कॅनरने हवा जास्त, इंधन कमी असे दाखविले आणि गॅरेजमधील तरुणाने ऑक्सिजन सेन्सर बदलण्याचा सल्ला दिला. वृद्ध मिस्त्रींनी मात्र आधी परीक्षा घेतली. इंजिन तापल्यावर निरोगी सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होतो. आमचा तळाशीच अडकला होता. त्यांनी क्षणभर जादा इंधन देताच तो झटकन ०.९ वर गेला. म्हणजे सेन्सर जिवंत होता. त्याच्या अलीकडे, धुराच्या नळीच्या जोडावर काजळी साचली होती. फाटलेल्या गॅस्केटमधून बाहेरची हवा आत शिरत होती आणि तो बिचारा तेवढेच प्रामाणिकपणे सांगत होता.

मला आमचे जुने मेहताजी आठवले. ताके वारंवार कमी भरत, म्हणून आम्ही त्यांच्या मोजणीलाच दोष देऊन त्यांना घरी बसविले. पुढे गळती वाहतुकीत सापडली. त्यांना कळविण्याचे राहून गेले. दर संवत्सरीला सगळ्या व्यापाऱ्यांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणारा मी, त्यांच्या दारी कधी गेलो नव्हतो.

गॅस्केट बसायला दोन तास लागणार होते. मी रिक्षा केली आणि कामतघरला गेलो.