राखणदाराचं देणं

मूळ वेताळपंचविशीत कथा पंचवीस. महिन्याला एक छापली तर दोन वर्षं आणि वर एक महिना, की पोतडी रिकामी. 'चांदोबा'त मात्र विक्रम आणि वेताळ कित्येक दशकं चालत राहिले. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ साली मद्रासमध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलेलं हे मासिक १९५२ पासून मराठीत येऊ लागलं, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांनी स्मशानवाटेवरचा तो राजा पाहिला, हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेतलेला. हाताशी असलेले सगळे अंक काढून ही मालिका मी नुकतीच पुन्हा वाचली. तिच्यातलं काय टिकलं आणि काय नाही, ते सांगायचं आहे. पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींना वगळून मला ते सांगता येणार नाही. वेताळ कसा वाचायचा हे मला त्यांनी शिकवलं.

ऐंशीच्या दशकात आम्ही वाशीला सिडकोच्या इमारतीत राहत होतो. लोकल १९९२ साली आली. तोवर मुंबई म्हणजे खाडीपुलावरून बसने गाठायचं गाव. इमारतीतलं प्रत्येक बिऱ्हाड कुठून ना कुठून आलेलं. कुणी सातारचं, कुणी खानदेशातलं, कुणी गिरगावातली खोली विकून आलेलं. आजी आल्या त्या आरवलीहून, वेंगुर्ला तालुक्यातून. मुलगा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात लागला, म्हणून. माझे आई-वडील दोघंही नोकरीवर. शाळा सुटली की मी आजींकडे. त्यांच्या मोठ्या नातवाचे 'चांदोबा'चे अंक वर्षावर्षाने सुतळीने शिवून ठेवलेले असत. आजींना डोळ्यांनी नीट दिसत नसे. त्यामुळे वाचायचे मी आणि ऐकायच्या त्या.

पहिल्याच दिवशी वेताळाचं चित्र पाहून मी पान उलटायला निघाले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "तो भूत नाय गो. आमचो राखणदार तो." आरवलीचा वेतोबा तेव्हा मला माहीत नव्हता. तिथे वेताळ हा ग्रामदैवत आहे. भक्त त्याला केळ्यांचा घड आणि भल्यामोठ्या चपलांचा जोड वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. आजींच्या तोंडून हे ऐकल्यावर मला झाडावर लटकलेल्या त्या वेताळाची भीती वाटेना. त्याच्या पायांत चपला का नाहीत, एवढंच मला विचारायचं असे.

आजींकडे वेताळपंचविशीची स्वस्त छापाची एक जुनी प्रतही होती. मराठीत ही पंचविशी १८३० साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी आणली. मराठी छापील गद्य तेव्हा जेमतेम पावलं टाकत होतं, आणि त्या पहिल्या पावलांमध्ये वेताळ होता, याचं मला फार अप्रूप वाटतं. आजींच्या प्रतीतली मला आवडणारी कथा तीन नाजूक राण्यांची. एकीच्या अंगावर कानातलं कमळ पडतं आणि ती जखमी होते. दुसरीची कातडी चांदण्याने भाजते. तिसरीला लांबवर कुणीतरी कांडत असल्याचा आवाज ऐकूनच हातावर वळ उठतात. सगळ्यात नाजूक कोण? राजा सांगतो, तिसरी, कारण तिला मुसळाचा स्पर्शसुद्धा झाला नव्हता. आयुष्यभर भात कांडलेल्या आजी या जागी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. वाचून झालं की म्हणायच्या, "परत वाच." आणि मी परत वाचायचे. स्मशान, प्रेत आणि काळोख यांच्या मधोमध माणूस असा मोकळा हसू शकतो, हे मला कुठल्याही पुस्तकाच्या आधी त्या हसण्याने कळलं.

पंचविशीतला हा विनोद आजही तेवढाच ताजा आहे. भाताला स्मशानाच्या धुराचा वास येतो म्हणून ताटावरून उठणारा भोजनाचा शौकीन आणि सात गाद्यांखालच्या केसाने अंगावर वळ उठणारा शय्येचा शौकीन एकाच कथेतले सख्खे भाऊ आहेत. दुसऱ्या एका कथेत चार भाऊ आपापली विद्या दाखवायला सिंहाची हाडं जुळवतात, मांस चढवतात, कातडी आणि केस देतात आणि शेवटी प्राण घालतात. मग सिंह त्यांना खातो. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त सांगितलेली ही गोष्ट विद्येच्या उतावळेपणावर आजही नेमकी बसते.

मंदारवतीची कथा मात्र पुन्हा वाचताना घशात अडकली. मंदारवती मरते. तिच्या तीन वरांपैकी एक राखेवर झोपतो, एक अस्थी गंगेला नेतो आणि एक मंत्र शिकून येऊन तिला जिवंत करतो. नवरा कोण? ज्याने जीव दिला तो बाप, ज्याने अस्थी नेल्या तो मुलगा, राखेला कवटाळून राहिला तो नवरा, असा राजाचा निवाडा. कोडं म्हणून तो चोख आहे. पण मंदारवती जिवंत होऊन समोर उभी असताना तिच्याशी कुणी बोलत नाही. आजींनी तेव्हाच विचारलं होतं, "आणि चेडवाक कोणी इचारल्यान?" तेव्हा मी उत्तर शोधत पान चाळलं होतं. पानात ते नाही.

'चांदोबा'त नव्याने रचलेल्या कथांची गत वेगळी. मूळ पंचविशीत प्रश्न खरोखरचा पेच असतो, दोन्ही बाजूंनी कापणारा. नव्या कथांत तो बहुतेक वेळा असा असतो, की अमक्याने हाती आलेलं राज्य का नाकारलं, तमक्याने अपमान का गिळला. राजा त्याचा हेतू उलगडून सांगतो आणि वेताळ उडून जातो. एकापाठोपाठ एक वाचल्या तर यातल्या बऱ्याच कथा एकसुरी वाटतात. राज्यं बिननावाची, प्रधान सगळे शहाणे आणि राजकन्या बक्षीस म्हणून मिळणाऱ्या. त्यांचा मोठेपणा मी फुगवून सांगणार नाही. तरी दिसतं त्यावर लगेच निकाल देऊ नये, माणसाच्या वागण्याच्या आत काय आहे ते आधी पाहावं, ही सवय मुलांना दर महिन्याला लावणारं दुसरं काही माझ्या लहानपणी नव्हतं. तेलुगूतले थोर कथाकार कोडवटिगंटी कुटुंबराव यांनी १९८० साली निधन होईपर्यंत अनेक वर्षं मासिकाचं संपादन सांभाळलं. विवेकवादी, डाव्या विचारांचा हा माणूस भुताखेतांच्या गोष्टींतून मुलांना विचार करायला लावत होता. आणि 'शंकर' म्हणजे के. सी. शिवशंकरन यांची चित्रं तर जराही जुनी झालेली नाहीत. ते २०२० साली गेले आणि २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या कथा मराठीत आणणाऱ्यांची नावं मात्र आम्हा वाचकांना कधी कळली नाहीत. त्यांचंही देणं माझ्यावर आहे.

पण मला सगळ्यात मोठी गोष्ट दिली ती आजींनी. 'चांदोबा'तली मालिका संपतच नसे, त्यामुळे शेवट आम्हा मुलांना ठाऊकच नव्हता. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता आजींनी तो सांगितला. राजाला प्रेत आणायला पाठवणारा भिक्षू त्याचाच बळी देणार असतो. वेताळ राजाला ते सांगतो आणि युक्तीही देतो. भिक्षू म्हणेल, साष्टांग नमस्कार घाल. तू म्हण, आधी करून दाखव. भिक्षू आडवा होतो आणि राजा त्याचं मस्तक उडवतो. सोमदेवाच्या कथेत वेताळ राजाच्या धैर्यावर प्रसन्न होऊन शेवटी हे सांगतो. आजींना ते मान्य नव्हतं. "तो राजाक पयल्या गोष्टीपासना सावध करता," त्या म्हणाल्या. "राखणदार तो."

या वेळी वाचताना मी प्रत्येक कथेची सुरुवात मुद्दाम पाहिली. वेताळ राजाला चिडवतो, त्याची कीव करतो आणि बहुतेकदा एकच शंका काढतो: कुणासाठी एवढे कष्ट घेतोस, तो माणूस त्या लायकीचा आहे का? लहानपणी ही नुसती टिंगल वाटायची. शेवट ठाऊक असला की टिंगलीआड चाललेलं सावध करणं लख्ख दिसतं. सत्य बोललास तर काम फसेल आणि गप्प राहिलास तर डोकं फुटेल, असा पेच घालून तो राजाला भिक्षूपर्यंत पोहोचूच देत नाही. प्रत्येक खरं उत्तर राजाचं मरण एका फेरीने लांबवतं. आजींचं वाचन छापील शेवटापेक्षा खोल होतं, असं मी आता पूर्ण विचाराने म्हणते.

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. आमची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा त्यांच्या नातवाने सामान आवरताना सुतळीचे गठ्ठे खाली आणून माझ्या हाती दिले. 'चांदोबा' पुढे २००७ साली एका मुंबईच्या कंपनीकडे गेला आणि काही वर्षांनी बंद पडला. नवा अंक आता येणार नाही.

तुमच्या माळ्यावर जुने अंक असतील तर ते रद्दीत घालू नका. आणि घरात सात-आठ वर्षांचं मूल असेल तर सुरुवात मूळ पंचविशीपासून करा. तीन राण्यांची कथा मोठ्याने वाचा, मंदारवतीपाशी थांबून मुलांना बोलू द्या, आणि भिक्षूचा शेवट त्यांच्यापासून लपवू नका. तो आधी कळला तरी काही बिघडत नाही.