कपाळावरची चिंचोळी पट्टी

१/ कावसजी हा इंग्रजी फौजेत बैल हाकणारा मराठा. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकाविना जगला. पुढे पुण्याजवळ एका कुंभाराने त्याला नवे नाक बसवून दिले.

२/ कुंभाराने नाकाच्या मापाचा मेणाचा पातळ पत्रा घडवला, तो कपाळावर सपाट पसरून भोवती रेघ ओढली आणि रेघेबरहुकूम कातडी सोडवली. दोन भुवयांमधली चिंचोळी पट्टी मात्र त्याने कापली नाही. कातडी वळवून नाकाच्या जागी बसवली, वर काताचा लेप दिला. पट्टीतून रक्त वाहत राहिले, म्हणून कातडी जगली. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी छेदली.

३/ थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने तिची हकिकत छापली. तिच्या आधारे जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये लंडनमध्ये हीच पद्धत यशस्वी केली.

४/ ‘मुळाशी जोडलेली कातडी जगते’ हा नियम पुढे स्तनाच्या पुनर्रचनेतही कामी आला. १९०६ मध्ये इटलीच्या तान्सिनी याने, कर्करोगामुळे स्तन काढलेल्या स्त्रीच्या पाठीचा रुंद स्नायू त्वचेसह पुढे वळवला. काखेतून येणारी रक्तवाहिनी मात्र अखंड ठेवली.

५/ १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे क्रोनिन व गेरो यांनी सिलिकॉनचे पहिले रोपण बसवले. ते ग्रंथीच्या मागे व स्नायूच्या पुढे होते. शरीर अशा परक्या वस्तूभोवती कोश विणते. तो आकसला, तर स्तन कठीण होतो, दुखतो. म्हणून पुढे छातीच्या स्नायूखाली रोपण बसवण्याची रीत आली.

६/ कर्करोगात अनेकदा ग्रंथीच काढली जाते. उरते ती पातळ त्वचा. तेव्हा स्नायूचे आच्छादन अनेकदा उपयोगी ठरते. छातीचा स्नायू अपुरा पडला, तर तान्सिनीच्या रीतीने पाठीचा स्नायू पुढे आणतात आणि त्याखाली रोपण ठेवतात. वस्तू कारखान्यात घडते. तिला झाकणारे आवरण मात्र स्त्रीच्या स्वतःच्या रक्तावर जगावे लागते.

७/ त्या हकिकतीत रुग्णाचे नाव आहे, साक्षीदारांचीही आहेत. ज्याच्या हातांनी ते नाक घडले, त्या कुंभाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.